जीव टांगणीला, कापड हुकाला

ऑफिसच्या मेल्समध्ये एक इंग्रजी वाक्प्रचार तुम्हीही कधी ना कधी वाचला असेल. ‘वी आर ऑल ऑन टेंटरहुक्स!’ प्रमोशनची लिस्ट लागायची असते, क्लायंटचा होकार अडलेला असतो, नाहीतर मॅच शेवटच्या ओव्हरला पोचलेली असते, आणि कुणीतरी ग्रुपवर हे वाक्य टाकून देतं. काही जण ‘टेंडरहुक्स’ लिहितात. म्हणजे काय, तर नाजूक हुक! बाकीचे स्पेलिंग बरोबर लिहितात, पण हे टेंटर म्हणजे नक्की काय असं विचारलं की खांदे उडवतात. एखादा हुशार ‘टेंट’कडे, म्हणजे तंबूकडे बोट दाखवतो. गंमत म्हणजे तो अगदीच चुकत नसतो. पण तिकडे जरा नंतर येऊ.

अर्थ तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. काय होणार ते कळत नाही आणि कळेपर्यंत चैन पडत नाही, अशी अवस्था. आपल्याकडे याला शब्दांची कमतरता नाही. आपण ताटकळतो. आपण ‘तिष्ठत बसतो’. (तिष्ठत या शब्दाचं मूळ ‘उभं राहणं’ या अर्थाचं, म्हणजे आपण चक्क उभं राहत बसतो! वाट पाहणाऱ्याला धड बसताही येत नाही आणि धड उठताही येत नाही, हे मराठीने दोन शब्दांत सांगून टाकलंय.) फारच झालं तर आपण देव पाण्यात घालून बसतो. पण टेंटरहुक्सच्या अगदी जवळचा शब्दप्रयोग कुठला म्हणाल, तर ‘जीव टांगणीला लागणं’. मराठीत जीव टांगलेला आणि इंग्रजीत माणूस हुकाला लावलेला. दोन्हीकडे पाय जमिनीला नाहीत.

फरक एवढाच, की इंग्रजीतला हुक खराखुरा होता. लोखंडाचा. टोकदार. आणि त्याला जे लटकायचं ते होतं लोकरीचं कापड.

तुडवा, धुवा, ताणा

इंग्लंडच्या श्रीमंतीचा पाया एकेकाळी लोकर हा होता. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ, तेलकट आणि खरखरीत असायचं. ते तसंच अंगावर घालण्याजोगं नसायचं. मग त्याला पाण्यात घालून, खास माती लावून भरपूर तुडवायचे किंवा पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली कुटायचे. तेल निघावं म्हणून शिळं मूत्रसुद्धा वापरायचे. हो, बरोबर वाचलंत. या तुडवण्याने लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट गुंतायचे आणि कापड दाट, उबदार व्हायचं. वॉकर, फुलर आणि टकर ही इंग्रजी आडनावं या तुडवणाऱ्या, कुटणाऱ्या कारागिरांचीच. आपल्याकडे तांबट आणि शिंपी, तसे त्यांच्याकडे वॉकर.

पण या सगळ्यात एक घोळ व्हायचा. कापड आटायचं. ओलं कापड तसंच टाकून वाळवलं तर आणखी आटायचं, सुरकुतायचं, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद व्हायचं. म्हणून मोकळ्या माळावर लांबच लांब लाकडी चौकटी उभ्या करायचे. या चौकटीचं नाव टेंटर. तिच्या वरच्या आणि खालच्या दांडीवर ओळीने काटकोनात वाकवलेले टोकदार खिळे ठोकलेले असायचे. तेच टेंटरहुक्स. कापडाचे दोन्ही काठ त्यांत अडकवायचे, खालची दांडी ओढून पक्की करायची आणि कापड ताठ ताणून उन्हावाऱ्यात सोडून द्यायचं. वाळलं की काढायचं.

लंडनच्या जुन्या भागात, स्पिटलफील्ड्समध्ये, आजही ‘टेंटर ग्राउंड’ नावाची गल्ली आहे. तिथून थोडं पुढे नॉर्थ, साउथ, ईस्ट आणि वेस्ट अशा चार टेंटर स्ट्रीट आहेत. कापड कधीच गेलं, पत्ते राहिले.

‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनियल डिफोने 1724 ते 1727 या काळात ब्रिटनच्या प्रवासाचं वर्णन प्रसिद्ध केलं. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या डोंगरउतारांवर त्याला जवळपास प्रत्येक घराजवळ टेंटर दिसला आणि जवळपास प्रत्येक टेंटरवर कापड. डोळ्यांसमोर आणा. अख्ख्या डोंगरावर घराघराची कमाई बाहेर ताणून ठेवलेली.

आता कमाई अशी रात्रंदिवस उघड्यावर म्हटल्यावर चोर येणारच. हॅलिफॅक्सचा यावरचा इलाज भयंकर होता. साडेतेरा पेन्स किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला की शिरच्छेद. त्यासाठी दोरीने वर ओढून खाली सोडायचं पात्याचं यंत्र होतं. फ्रान्सच्या गिलोटिनच्या कितीतरी आधीचं. 1650 साली तिथे शेवटची शिक्षा झाली ती दोन जणांना. त्यांच्यावरच्या आरोपात लोकरीचं कापडही होतं आणि घोडेही.

म्हणजे टेंटरवरच्या कापडाची चिंता किती खरी होती ते बघा. पाऊस येईल का? वारा फाडेल का? रात्रीत कुणी उचलेल का? कापड हुकाला आणि विणकराचा जीवही तिथेच. मग माणसाच्या मनासाठी हा शब्द वापरला गेला यात नवल ते काय! जॉन फोर्डच्या 1633 साली छापलेल्या ‘द ब्रोकन हार्ट’ या नाटकातच काळीज टेंटरवर चढल्याची भाषा आहे. 1748 साली टोबायस स्मोलेटच्या ‘रॉडरिक रँडम’ या कादंबरीत टेंटरहुक्स हा शब्द चक्क अधीर अनिश्चिततेसाठी आला. पुढे उघड्या माळावरच्या त्या चौकटी गेल्या, पण वाक्प्रचार तेवढा राहिला. आपल्या मेल्सपर्यंत!

टेन्शन आपलंच आहे, बॉस

आता त्या तंबूकडे येऊ. टेंटर आला लॅटिनमधून. तिथे ‘टेंडेरे’ म्हणजे ताणणं. टेंटही त्याच कुळातला, ताणून उभा करतात म्हणून. आणि याच कुळातला आणखी एक शब्द आपण दिवसातून निदान दहा वेळा वापरतो. टेन्शन! ‘टेन्शन नको घेऊस’, ‘त्याचं काय टेन्शन’, ‘फुल टेन्शन आलंय यार’. पानवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द मुळात ‘ताणलेली अवस्था’ एवढंच सांगतो.

आणि इथे खरी मजा आहे. लॅटिन ‘टेंडेरे’ आणि संस्कृत ‘तन्’ हे धातू भाषाशास्त्राच्या दृष्टीने नात्यातले आहेत, एकाच आदिम मुळातून फुटलेले. ‘तन्’पासून आपल्याकडे काय काय आलं? तंतू. तंत्र, ज्याचा एक जुना अर्थच मागावरचे ताणलेले धागे असा आहे. गाण्यातली तान. आणि अर्थातच, ताण. म्हणजे ‘मला ताण आलाय’ म्हणणारी आजी आणि ‘मला टेन्शन आलंय’ म्हणणारी नात एकाच घराण्याचा शब्द वापरत असतात. आजीचा शब्द थेट आला, नातीचा युरोपला वळसा घालून!

ऑफिसची निम्मी डिक्शनरी याच मुळावर उभी आहे. अटेन्शन म्हणजे मन एखाद्या गोष्टीकडे ताणणं. एक्सटेन्शन म्हणजे मुदत बाहेर ताणणं. आपण भरतो ते टेंडरही त्याच कुळातलं, हात पुढे ताणून समोर ठेवलेला देकार. (म्हणजे ‘टेंडरहुक्स’ लिहिणाऱ्यांनी नकळत नातेवाइकाकडेच मुक्काम केला म्हणायचा.)

जास्त ताणाल तर...

ही व्युत्पत्ती मला एवढ्यासाठी महत्त्वाची वाटते, की तिच्यात एक गोष्ट आहे जी आपण विसरलोय. टेंटरवरचा ताण ही शिक्षा नव्हती. ते काम होतं. कापड सरळ, सारखं आणि मापात यावं म्हणून दिलेला तो ताण होता आणि त्याला शेवट होता. वाळलं की सुटका.

पण लबाड व्यापाऱ्यांना लवकरच एक युक्ती सुचली. खालची दांडी आणखी थोडी ओढली तर? तेवढ्याच लोकरीत कापड लांब आणि रुंद दिसेल, पैसे जास्त मिळतील. घेणारा खूश होऊन घरी जायचा, कोट शिवायचा, आणि पहिल्या पावसात बाह्या कोपराकडे निघायच्या. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. 1597 साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, उत्तर इंग्लंडमधलं कापड फसवणुकीने ताणण्याविरुद्ध पार्लमेंटने खास कायदा केला. विचार करा, ताण किती द्यावा यासाठी कायदा! आपल्या एखाद्या मॅनेजरने तो वाचायला हवा, नाही का?

हे जुनं म्हणून हसू नका. हा टेंटर आपल्या महाराष्ट्रात आजही चालू आहे, फक्त घरात आलाय आणि विजेवर चालतो. इचलकरंजीच्या एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये जा. रंगवलेलं, ओलं कापड एका लांबलचक यंत्रात शिरताना दिसेल. दोन्ही बाजूंना फिरणाऱ्या साखळ्या, साखळ्यांवर बारीक पिना किंवा चिमटे. ते कापडाचे काठ पकडतात, हवी तेवढी रुंदी देतात आणि गरम हवेच्या कप्प्यांमधून ताणलेल्या अवस्थेत पुढे नेतात. पलीकडून कोरडं, सपाट कापड बाहेर पडतं. या यंत्राला म्हणतात स्टेंटर. टेंटरचाच हा भाऊ. पुढच्या वेळी पडद्याचं कापड घ्यायला गेलात तर ताग्याचा काठ बघा. काठाला लागून बारीक भोकांची रांग दिसली, तर ती पिनांची खूण. टेंटरहुक्सची सही!

आणि नियमही तोच आहे. कापड वाजवीपेक्षा जास्त ताणून वाळवलं, की ताण त्याच्या आतच राहतो. दुकानात ते झकास दिसतं. पहिल्या धुण्यात ते मूळ पदावर येतं आणि तुमचा मीडियम कुर्ता धाकट्या बहिणीला जातो.

‘लवकरच कळवू’

आता माणसांकडे येऊ. माझी एक मैत्रीण. पुण्यात नोकरी, चांगला पगार, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. तिच्या कंपनीत फेरबदल होणार, काही जागा कमी होणार, असं वरून सांगण्यात आलं. कुणाच्या, ते ‘लवकरच कळवू’. हे ‘लवकरच’ अकरा आठवडे चाललं. या काळात ती रोज ऑफिसला गेली, रोज काम केलं. पण तिने गावाला जायचं तिकीट काढलं नाही. दाताचं काम पुढे ढकललं. दुसरीकडून आलेल्या इंटरव्ह्यूला ‘हो’ही म्हणाली नाही आणि ‘नाही’ही. कॉफी पिताना तिचा फोन टेबलावर उलटा नसायचा, सुलटा असायचा. शेवटी तिची नोकरी राहिली. अभिनंदन करायला फोन केला तर म्हणाली, ‘अगं, काढलं असतं तरी चाललं असतं, पण दुसऱ्या आठवड्यात काढायला हवं होतं.’

ऐकायला हे विचित्र वाटतं. वाईट बातमी वाट बघण्यापेक्षा बरी कशी असेल? पण यावर प्रयोग झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये तो प्रसिद्ध केला. 45 जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका. झटक्याची शक्यता कमी-जास्त होत राहायची. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून ताण तपासला. सगळ्यात जास्त ताण कधी होता? झटका बसणार हे नक्की असताना नव्हे. बसेल की नाही, हे अर्धंअर्धं असताना! म्हणजे सापापेक्षा ‘साप असेल का’ हा प्रश्न जास्त चावतो.

रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी 1985 साली एक लेख लिहिला. मॅनेजमेंटवाले तो आजही वाचतात. त्यातले दोन मुद्दे मला पाठ आहेत. किती वेळ थांबायचं ते माहीत नसलेली प्रतीक्षा जास्त लांब वाटते. आणि का थांबायचं ते सांगितलेलं नसेल तर आणखी लांब. मुंबईकरांना हे लेख न वाचताही कळतं. इंडिकेटरवर मिनिटं दिसत असतील तर प्लॅटफॉर्मवरचा माणूस वडापाव खातो. इंडिकेटर बंद पडला, की तोच माणूस दर दहा सेकंदांनी वाकून रुळांकडे बघतो. गाडी तेवढ्याच वेळात येते. वडापाव मात्र राहून जातो.

याचीच दुसरी बाजूही मी पाहिलीय. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीची बायोप्सी झाली. सँपल द्यायला लॅबमध्ये मी गेले होते. काउंटरवर विशीतला मुलगा होता. मी ठरलेला प्रश्न विचारला, ‘रिपोर्ट लवकर नाही का मिळणार?’ तो मान वर करून म्हणाला, ‘ताई, तो तुकडा आधी औषधात मुरतो. मग मेणात बसवतात. मग त्याचे केसाहून पातळ काप काढतात, रंग देतात आणि मगच डॉक्टर बघतात. घाई केली तर नीट दिसत नाही. शुक्रवारी पाचला या. त्याच्या आधी फोन नका करू, आमच्याकडे काही नसेल.’

मी घरी येऊन हे मावशीला जसंच्या तसं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, ‘मेणात?’ मग म्हणाली, ‘म्हणजे गुरुवारपर्यंत काही नाही ना? मग उद्या बँकेचं काम उरकून घेऊ.’ आम्ही घाबरलो नव्हतो असं नाही. रात्री कुणालाच धड झोप नव्हती. पण मंगळवारी आम्ही जेवलो, बुधवारी तिने लोणच्याला फोडणी दिली, आणि शुक्रवारची भीती शुक्रवारसाठी ठेवली. रिपोर्ट चांगला नव्हता. उपचार लगेच सुरू झाले, ते लांबले, आज ती बरी आहे. पण त्या चार दिवसांबद्दल ती अजून त्या मुलाचं नाव काढते. म्हणजे नाव तिला ठाऊकच नाही. ‘तो मेणवाला’ म्हणते.

दोन्ही ठिकाणी जीव टांगणीलाच होता. मावशीचं पणाला लागलेलं तर नोकरीपेक्षा फार मोठं होतं. पण एका ठिकाणी कारण होतं आणि वार होता. दुसऱ्या ठिकाणी फक्त ‘लवकरच’ होतं.

वार तरी सांगा

वाट बघायला लावणं टळत नाही, हे मला मान्य आहे. मी फ्रीलान्सर आहे, चेकची वाट बघण्यात माझी डॉक्टरेट होऊ शकेल! काही निर्णयांना वेळ लागतोच. बजेट वरून यायचं असतं, लीगलला वाचायचं असतं, घरच्यांशी बोलायचं असतं. कापडालाही वाळायला वेळ लागायचा, आणि उन्हावर कुणाचा हुकूम चालायचा नाही.

पण ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य आपण उगाच खर्च करतो, असं मला वाटतं. टेंटरवरच्या कापडाला कुणी ‘सैल हो’ म्हणत नव्हतं. कापडाच्या हातात ते नसतंच. दांडी ज्याच्या हातात आहे, त्याने ती कधी सैल करणार ते सांगायचं असतं. आणि आपण तिशीच्या आत-बाहेरचे लोक आता हळूहळू दांडीच्या बाजूलाही आलो आहोत, हे लक्षात येतंय का? आपल्या टीममध्ये ट्रेनी आहेत. आपण इंटरव्ह्यू घेतो. कुणाला तरी लग्नासाठी बघून आलोय आणि ‘कळवतो’ म्हणून गप्प बसलोय. कुणाच्या मेसेजवर निळ्या टिका उमटवून तीन दिवस झालेत.

प्रत्येकाला लगेच ‘हो’ म्हणता येत नाही. ‘नाही’ म्हणायलाही कधी कधी धीर गोळा करावा लागतो. पण ‘अजून ठरलं नाही, कारण अमुक आहे, बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगते’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. आणि बुधवारी ठरलेलं नसेल तर बुधवारी तेवढं तरी कळवायचं. समोरचा तेवढ्यात गावाचं तिकीट काढेल, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येईल, लोणच्याला फोडणी देईल.

तेव्हा हा अंक मिटलात की इनबॉक्स जरा खालपर्यंत चाळा. कुणीतरी अडकून राहिलेलं असेल. त्याला वार सांगून टाका.